संशोधनाची मोजदाद

विद्यापीठीय संशोधनासाठी सरकारी तिजोरीतून द्यावयाच्या रकमेची वाटणी केवळ पूर्वप्रतिष्ठा पाहून न करता प्रत्यक्ष कार्याच्या गुणवत्तेनुसार करावी, या हेतूने ब्रिटनने १९८६ साली जी मूल्यमापनाची प्रथा आरंभिली, तिचेच विस्तारलेले रूप २०१४ व २०२१ साली ‘रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क’ या नावाने अवतरले. प्रत्येक विषयातील विद्वानांचे मंडळ ग्रंथ व शोधनिबंध तपासून त्यांना एक ते चार तारांकित श्रेणी देते. १९९२ नंतर विद्यापीठाचा दर्जा लाभलेल्या पॉलिटेक्निकांतील एखादा लहानसा विभागही या कसोटीला उतरून निधीचा हक्कदार ठरू शकतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जनतेच्या पैशाचा जाब मागितला जावा, हेही न्याय्यच आहे.

परंतु ज्या चिंतनाला दहा-पंधरा वर्षांचे मौन लागते, त्याने ठरावीक मुदतीत फळ हजर करावे, असा तगादा या व्यवस्थेतून अटळपणे निर्माण होतो. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पीटर हिग्ज यांनी २०१३ साली स्पष्टच सांगितले की, आजच्या काळात आपण पुरेसे ‘उत्पादक’ गणले गेलो नसतो. शिवाय २०१४ च्या फेरीत कोणाचे कार्य पाठवावे हे विद्यापीठेच ठरवीत असल्याने वगळलेल्या अध्यापकांच्या माथी अकारण कमीपणा आला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांच्या २०१६ च्या अहवालाने ही निवड बंद करून संशोधनाची जबाबदारी असलेल्या सर्वांचा समावेश सुचविला आणि २०२१ साली तसे घडलेही. तथापि, एखाद्याच्या करारातून ती जबाबदारीच काढून टाकण्याची वाट त्यामुळे प्रशासनाला मोकळी राहिली.