टोकियोची धून, सेलूचा भूप

रात्रीचे पावणेनऊ. टोकियोतल्या एका मोठ्या स्टोअरमध्ये मी आईसाठी छत्री बघतोय आणि अचानक स्पीकरवर 'ऑल्ड लँग साइन' सुरू! थर्टी फर्स्ट नाही, कुणाची फेअरवेल नाही, मग हे काय? सोबतचा कलीग म्हणाला, ''बॉस, दुकान बंद होतंय. चला आता.''

२०१७ मध्ये सहा महिने ऑनसाइट होतो, तेव्हाची ही गोष्ट. नंतर जिथे जाईन तिथे तीच धून. दुकानांत वाजते ती यूजी कोसेकी यांनी केलेली वॉल्ट्झ आवृत्ती. मूळ गाणं मात्र जपानी शाळेत १८८१ च्या गाण्यांच्या पुस्तकातून आलं. नाव 'होतारु नो हिकारी', म्हणजे काजव्यांचा उजेड. तिकडे शाळा सोडताना मुलं तेच गातात. गंमत बघा, रॉबर्ट बर्न्सनं १७८८ मध्ये शब्द पाठवले, आजची चाल १७९९ मध्ये छापली गेली आणि ही स्कॉटिश धून जगभर निरोपाचीच झाली. रवींद्रनाथांनी तिच्यावर बंगाली गाणं केलं. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेडचे कॅडेट्स शेवटचं पाऊल टाकतात तेही याच सुरांवर.

परतताना बॅगेत छत्री होती आणि एक प्लास्टिकची शाकुहाचीही. बांबूची माझ्या बजेटबाहेर!

शाकुहाची म्हणजे जपानी उभी बासरी. नावातच माप आहे, एक शाकू आठ सून, म्हणजे साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर. पुढे चार भोकं, मागे एक. वरचं टोक तासलेलं, त्या कडेवर फुंकायचं. डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून फिरणारे कोमुसो साधू ती ध्यान म्हणून वाजवायचे. १८७१ मध्ये सरकारनं तो पंथच बंद केला, बासरी मात्र टिकली. माझ्या हातात पहिले दोन आठवडे ती फक्त 'फुस्स' म्हणत होती. मुंबईच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या काकूंनी काळजीनं विचारलं, ''गॅस लीक होतोय का हो?''

मग एप्रिलअखेरीस बाबा रिटायर होणार असं कळलं. सेलूच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणं होणारच होती. मी ठरवलं, आपण ही धून वाजवायची. बाबांना सांगायचं नाही.

दोन महिने आधी देवगिरीनं सेलूला उतरलो आणि थेट काकांकडे गेलो. काका हरिपाठाला पेटी धरतात, परभणी जिल्ह्यातले कितीतरी सप्ताह त्यांनी केलेत. पहिली ओळ वाजवली. ते हसायलाच लागले. ''अरे लेकरा, हा तर भूप हाय! भूप आणायला जपानला गेलतास व्हय?''

खरंच की! सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. किशोरीताईंचा 'सहेला रे' ज्या रागात आहे त्याचेच हे पाच स्वर. जपानीतही अशा स्वरांच्या सप्तकाला 'योनानुकी' म्हणतात, अर्थ 'चौथा-सातवा वगळून'. म्हणजे तीन देश, एकच हिशेब. आणि शाकुहाचीची पाच भोकं एकेक करून उघडली की नेमके पाचच सूर मिळतात. माझ्या बासरीचा तळाचा सूर पांढरी दोन. पण सा तिथे न धरता पांढरी चारवर धरला, की तेच पाच सूर भूपाचे होतात. एकही भोक अर्धं झाकायची भानगड नाही.

मला वाटलं, झालं काम. कसलं काय! सूर बसले, धून बसेना. पियानोवर ही चाल कॉर्ड्सच्या खांद्यावर बसून येते, बँडमध्ये ड्रम तिला चालवतो. इथे मी एकटा. शिवाय सुरुवातीलाच सा तीनदा लागोपाठ येतो. शाकुहाचीत परंपरेनं जिभेनं सूर तोडत नाहीत. बोटाची टिचकी भोकावर मारली की तोच सूर वेगळा ऐकू येतो. ती टिचकी जमेपर्यंत माझे तीन सा मिळून एकच लांबलचक सा होत होता. वरच्या धैवताला फुंक जोरात हवी, तो हमखास फाटायचा.

मग हनुवटी खाली नेऊन सूर उतरवायची 'मेरी' सापडली, आपल्या मींडेची चुलतबहीण म्हणा. मी लागलो की तिलाच वापरायला. प्रत्येक सुरावर! रेकॉर्डिंग ऐकलं तर स्टाइल भरपूर, धून गायब. काकांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, ''कामून एवढं हलवू लागलास? बाप सोडून चाललाय शाळा, त्याला जाऊ दे ना सरळ.'' मग सगळ्या मेरी काढल्या. एकच ठेवली, तिसऱ्या ओळीत, वरच्या धैवतावरून खाली येताना. ताल सोडून दिला. एका श्वासाला एक ओळ, श्वास संपला की थांबायचं. थांबा लांबला तरी चालेल. तिथे माझा 'ऑल्ड लँग साइन' पहिल्यांदा शाकुहाचीचा वाटला.

समारंभाच्या दिवशी पंखे फुल स्पीडवर आणि माइक चिरकणारा. शाकुहाचीच्या फुंकेची पंख्याशी दुष्मनी असते, हे मला तिथेच कळलं. मी स्टेजच्या कोपऱ्यात, पंख्याकडे पाठ करून उभा राहिलो. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीत धैवत नीट लागला आणि मी खाली उतरताना बाबांकडे बघितलं. बघायला नको होतं. फुंक गेली. चौथी ओळ निघालीच नाही. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या.

घरी येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. जिन्यात चप्पल काढताना म्हणाले, ''चार ओळी हव्यात ना रे तिथे? तीनच झाल्या.''

चौथी मी जिन्यातच वाजवली.