सिक्लिडच्या टाकीतलं पाणी बदलताना
ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, मलावी सरोवरातले रंगीत मासे ही सगळी सिक्लिड मंडळी. पाणी बदलताना त्यांना जाळीने बाहेर काढू नये. त्या धावपळीनेच ते अधिक घाबरतात. आधी हीटर बंद करावा. पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकू शकतो. आठवड्याला साधारण पाव टाकीच पाणी काढावं, तेही पाइपने तळाची घाण ओढून. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना इजा करतं. म्हणून बादलीतच अँटिक्लोरीन मिसळावं, तापमान टाकीशी जुळवावं आणि मगच सावकाश ओतावं. फिल्टरचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतल्यास उपयोगी जिवाणू मरतात. मलावीच्या माशांना पीएच ८ च्या आसपासचं पाणी लागतं. अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, त्यामुळे त्यांचा पाणीबदल कधीच टाळू नये.