जुन्या आउटबोर्ड मोटरींतील झिजलेली थ्रॉटल-झडप

सौंदडच्या परिसरातील नवेगावबांधासारख्या संथ जलाशयात मंदगतीने नाव चालविली, की जुन्या आउटबोर्ड मोटरीचा दोष उघड होतो. झडपेचा दांडा कार्ब्युरेटरच्या भोकात झिजून सैल झाला, म्हणजे त्या फटीतून जादा हवा आत शिरते. झडप जवळजवळ मिटलेली असता आतील दाब कमी व मुख्य वाट अरुंद असते. म्हणून ही चोरटी हवा तेव्हाच जाचक ठरते. पुष्कळ कारागीर यावर स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवितात. हा उपाय आम्हांस फसवा वाटतो. दांडा डुलेल तसे मिश्रण पालटतच राहते. दोन-धावी एंजिनात वंगणतेलही पेट्रोलमधूनच येते. मिश्रण विरळ झाल्यास उष्णता वाढून दट्ट्या जखडण्याचा संभव असतो.

खरा उपाय म्हणजे भोक मूळ अक्षावरच रुंद करून त्यात पितळी बुश बसविणे. झडपेच्या स्क्रूंची टोके बहुधा ठोकून पसरविलेली असतात. ती आधी कानशीने घासावीत, नाही तर दांड्यातील आटे उखडतात. जॉन्सन व एव्हिनरूड यांच्या अनेक जुन्या मोटरींत मॅग्नेटोच्या तबकडीवरील कॅम थ्रॉटल उघडतो; तो झिजला असल्यास ठिणगी पुढे सरकते व झडप मागे राहते. हे जुळल्यावरच पेट्रोलच्या स्क्रूस हात लावावा.