संक्रांत खरोखर स्थिर आहे काय?

२०२४ सालीं संक्रांत १५ जानेवारीस आली आणि आमच्या एकत्र कुटुंबांत लहानसा वाद उपस्थित झाला. वहिनींनीं चौदा तारीख धरून हळदीकुंकवाचीं बोलावणीं केलीं होतीं. धाकटी सूनबाई पंचांग पुढें करून म्हणाली, "मामंजी, चौदाला तर भोगी आहे!" सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें, कारण "संक्रांत नेहमीं चौदालाच, आणि त्याच दिवशीं उत्तरायण लागतें," असें आम्हीं शाळेंत तीस वर्षें शिकविलें होतें.

चैत्रादि मास चंद्राचे. बारा चांद्रमासांचे दिवस सुमारें ३५४. सौर वर्षाहून अकरा कमी. म्हणून दिवाळी दरसाल मागें सरकते व साधारण ३२-३३ महिन्यांनीं अधिक मास येऊन मेळ बसतो. संक्रांत मात्र सूर्याच्या मकरप्रवेशाची. म्हणूनच आमच्या सोलापुरांत श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सदैव थंडींत भरते व भोगीस संमती कट्ट्यावर अक्षता पडतात.

परंतु राशि ताऱ्यांवरून मोजतात, ऋतु संपातावरून. आणि संपात हळूहळू मागें सरतो. नाक्षत्र वर्ष ऋतुवर्षाहून सुमारें २० मिनिटांनीं मोठें असल्यामुळें सुमारें ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढें जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा. त्या दिवशीं तारीख होती १२ जानेवारी! प्लुत वर्षांच्या फेऱ्यामुळें हल्लीं ती कधीं १४, कधीं १५ येते. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरास. हे दोन्ही दिवस सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं एकत्र होते. आणखी सहा हजार वर्षांनीं तिळगूळ एप्रिलच्या उन्हांत वांटावा लागेल.

गणित आकाशाशीं ताडून पाहणें हीच आपली परंपरा. गणेश दैवज्ञांनीं १५२० सालीं 'ग्रहलाघव' रचला. पुढें त्याचें गणितही आकाशाशीं जुळेनासें झालें, तेव्हां जाणत्यांनीं दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला. सूनबाईनें उघडलेलें दाते पंचांग १९१६ पासून ह्याच सोलापुरांतून निघतें व दृक्प्रत्ययी गणितच देतें.

त्या संध्याकाळीं आम्हीं सर्वांसमक्ष चूक कबूल केली. वहिनी हंसून म्हणाल्या, "भावोजी, हळदीकुंकू काय, रथसप्तमीपर्यंत केव्हांही होतें!" त्यांचीं बोलावणीं घटकाभरांत फिरलीं. आमचें चुकीचें वाक्य मात्र तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांबरोबर गांवोगांव गेलें आहे. त्यांपैकीं कोणाच्या घरीं हें मासिक येत असेल, तर त्यांनीं आपल्या मुलांना तें तसेंच शिकवूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.