कंपवात, स्मरणशक्ती आणि जीवनसत्त्वे

कंपवात म्हटले की थरथरणारा हात आणि अडखळणारी पावले डोळ्यांसमोर येतात. या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. रुग्णाच्या बुद्धीला मात्र धक्का पोहोचत नाही, असे त्यांचे मत होते. ते पूर्णपणे खरे नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. वर्षे उलटतात तसतसा बऱ्याच रुग्णांना नेमका शब्द सुचत नाही, हिशेब जुळवणे जड जाते. काहींना स्मृतिभ्रंश होतो. घरच्यांना हाताच्या कंपापेक्षा हेच अधिक क्लेशदायक वाटते. ही घसरण सर्वांमध्ये सारख्या वेगाने का होत नाही? याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष जीवनसत्त्वांकडे, विशेषतः ब-१२ कडे गेले.

औषध आणि होमोसिस्टीन

मध्यमेंदूतील काळसर पेशींचा एक पुंजका डोपामिन हे रसायन तयार करतो. कंपवातात या पेशी मरत जातात. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही; म्हणून ज्यापासून ते तयार होते, तो लेव्होडोपा गोळीतून देतात. या लेव्होडोपाचा काही भाग वाटेतच एका विकराच्या तावडीत सापडतो. हे विकर त्याला एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा गट, चिकटवते. ज्या रेणूने हा गट दिला, त्याचे रूपांतर शेवटी होमोसिस्टीन या अमिनो आम्लात होते.

होमोसिस्टीनला पुन्हा मिथिल गट देऊन मेथिओनिन बनवण्यासाठी ब-१२ आणि फॉलिक आम्ल दोन्ही लागतात. त्याची दुसऱ्या मार्गाने विल्हेवाट लावण्यासाठी ब-६ लागते. ही जीवनसत्त्वे कमी पडली तर होमोसिस्टीन रक्तात साचते. अशी वाढलेली पातळी रक्तवाहिन्यांच्या विकारांशी आणि बुद्धीच्या ऱ्हासाशी निगडित असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. म्हणजे एकीकडे औषधामुळे आवक वाढते आणि दुसरीकडे जीवनसत्त्वांअभावी निचरा तुंबतो.

साठवलेल्या रक्ताची साक्ष

१९८७ मध्ये अमेरिका व कॅनडात सुरुवातीच्या अवस्थेतील ८०० रुग्णांवर एक मोठी चाचणी सुरू झाली. ई जीवनसत्त्वाने रोगाचा वेग मंदावतो का, हा तिचा एक प्रश्न होता. ऑक्सिडीकरणामुळे चेतापेशींची हानी होते आणि ई जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखते, तेव्हा ते उपयोगी पडावे, हा तर्क बिनचूक वाटत होता. रोज २००० एकके देऊनही उपयोग झाला नाही, असे १९९३ मध्ये जाहीर झाले.

पण या रुग्णांचे रक्त जपून ठेवले होते. २०१८ मध्ये त्याच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे ब-१२ सुरुवातीला कमी होते, त्यांची चालण्याची क्षमता अधिक वेगाने खालावली होती. ज्यांचे होमोसिस्टीन जास्त होते, त्यांची बुद्धी अधिक घसरली होती. तोपर्यंत या रुग्णांना लेव्होडोपा सुरू झालेला नव्हता, म्हणून या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे.

संबंध म्हणजे कारण नव्हे

मग ब-१२ दिल्याने ऱ्हास थांबेल का? असे म्हणण्याची घाई करू नये. ड जीवनसत्त्वाचे उदाहरण पाहा. ते कमी असलेल्या कंपवाताच्या रुग्णांची स्मरणशक्तीही कमी आढळली आहे. पण ज्याचा आजार बळावला, तो घराबाहेर कमी पडतो. ऊन कमी मिळाले की ड जीवनसत्त्वही कमी होते. येथे कारण कोणते आणि परिणाम कोणता? ई जीवनसत्त्वाच्या अनुभवाने हाच धडा दिला आहे: संबंध दिसला तरी औषध म्हणून त्याची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

तरीही एक गोष्ट आजच करता येते. ब-१२ च्या अभावानेच विसरभोळेपणा, पायांत मुंग्या आणि चालताना तोल जाणे ही लक्षणे उद्भवतात. कंपवाताच्या रुग्णात ती दिसली की 'आजार वाढला' असे समजून सोडून दिले जाते. साध्या रक्ततपासणीने अभाव कळतो आणि वेळीच भरून काढता येतो. आपल्याकडे हे अधिकच महत्त्वाचे आहे. वनस्पतिजन्य अन्नात ब-१२ जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाची भिस्त दूध-दह्यावर. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे ६७ टक्क्यांचे ब-१२ कमी आढळले होते.

मात्र मनाने गोळ्या घेणे धोक्याचे आहे. नुसत्या फॉलिक आम्लाने ब-१२ च्या अभावामुळे झालेला रक्तक्षय झाकला जातो, पण चेतातंतूंची हानी चालूच राहते. ब-६ अति झाले तर चेतातंतूंनाच अपाय करते. म्हणून तपासणी आधी आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांपुढे एकच विधान ठेवावे: 'क कमी असलेल्यांत ख जास्त आढळतो.' याची तीन स्पष्टीकरणे त्यांना शोधू द्यावीत: क मुळे ख, ख मुळे क, किंवा दोन्हींमागे तिसरेच काही. मग यांतील खरे कोणते हे ठरवायला कोणता प्रयोग करावा लागेल, हे त्यांनाच विचारावे. औषधांच्या जाहिराती वाचताना ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडेल.