तीन हजार फेऱ्यांचा पहारा

भुसावळहून वरणगावकडे निघालं की वाटेत दीपनगर लागतं. औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या, कोळशाच्या वाघिणी, राख वाहून नेणाऱ्या गाड्या हे सगळं या भागातल्या माणसांच्या इतकं अंगवळणी पडलंय की वीज म्हटलं की त्यांना कोळसाच आठवतो. संपादकांनी मला दिलेला विषयही तसाच होता : खान्देशातले वीज कामगार. वरणगावात चौकशी करत असताना कुणीतरी सांगितलं, की गावात एक निवृत्त ऑपरेटर राहतात. त्यांची निम्मी नोकरी दीपनगरला कोळशावर गेली आणि उरलेली उरणला गॅसवर. वाफेचं टर्बाईन आणि गॅसचं टर्बाईन, दोन्ही चालवलेला माणूस इथेच भेटतोय म्हटल्यावर मी कोळसा बाजूला ठेवला आणि त्यांचं घर शोधत गेलो. गावात सगळे त्यांना काका म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

वरणगावला यंत्रांची नवलाई नाही. बंदुकीची काडतुसं बनवणारी आयुध निर्माणी इथे साठच्या दशकापासून आहे. तापीवरच्या हतनूर धरणाचं पाणी निर्माणीलाही जातं आणि दीपनगरलाही. कारखान्याचा भोंगा आणि पाळ्यांचं वेळापत्रक इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. त्यामुळे मुलगा शिकून ‘पॅनेलवर’ लागला, तर त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

उरणची गोष्ट समुद्रात सुरू होते. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने बॉम्बे हायमध्ये तेल शोधलं. तेलाबरोबर गॅसही होता. तो समुद्राखालच्या वाहिनीने उरणच्या किनाऱ्यावर आला आणि राज्य वीज मंडळाने तिथे गॅसवर चालणारं केंद्र उभं केलं. पहिले संच १९८२ साली सुरू झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर १०८ मेगावॅटचे चार संच आले. पुढे १९९४ साली त्यांच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच जोडले गेले. या सहा संचांची मिळून क्षमता झाली ६७२ मेगावॅट. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन झालं आणि दीपनगर व उरण दोन्ही महानिर्मितीकडे गेली. तापीकाठच्या माणसाची बदली खाडीकाठी होते ती अशी.

काकांना इतिहासात फारसा रस नव्हता. त्यांना मशीनबद्दल बोलायचं होतं.

गॅस टर्बाईनची मांडणी ऐकायला सोपी आहे. पुढे कॉम्प्रेसर, मध्ये ज्वलनकक्ष, मागे टर्बाईन आणि एकाच शाफ्टला जोडलेला जनरेटर. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो, त्या हवेत गॅस जळतो आणि हजार अंशांहून जास्त तापलेले वायू टर्बाईनची पाती फिरवतात. पण टर्बाईनने निर्माण केलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून जास्त शक्ती पुढचा कॉम्प्रेसरच खाऊन टाकतो. शेतात आलेल्या पिकातलं निम्म्याहून अधिक पुढच्या पेरणीला बियाणं म्हणून ठेवावं लागावं, तसा हा व्यवहार आहे. म्हणूनच कॉम्प्रेसरची पाती थोडी जरी मळली, तरी त्याचा फटका थेट विजेला बसतो. उरणच्या खाऱ्या हवेत तर ती मळतातच. मग मशीन थांबवायची, थंड होऊ द्यायची, पाणी आणि साबणासारखं द्रावण फवारून पाती धुवायची आणि पुन्हा सुरू करायची.

उन्हाळ्याचा हिशेब काकांनी खान्देशी माणसाला पटेल असा मांडला. अशा मशीनची क्षमता १५ अंश तापमानाला धरून सांगतात. हवा तापली की विरळ होते आणि मशीनच्या पोटात कमी हवा जाते. दर अंशामागे साधारण अर्धा ते पाऊण टक्का शक्ती घटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. म्हणजे फरक ३० अंशांचा. ज्या दुपारी पंखे आणि कूलर सर्वांत जास्त वीज मागतात, त्याच दुपारी अशी मशीन तिच्या क्षमतेच्या जवळपास पाचव्या हिश्शाला मुकते.

दीपनगरचा थंड पडलेला संच चालू करायचा म्हणजे तासन्‌तासांचं काम : बॉयलर तापवायचा, वाफ तयार करायची, जाड पोलादाला सावकाश ऊब द्यायची. गॅस टर्बाईन अर्ध्या तासाच्या आसपास तयार होते. आधी बाहेरच्या जोराने शाफ्ट फिरवतात, आत साचलेला गॅस हवेने झाडून काढतात, मग ठिणगी देतात. पेट घेतल्याचं ज्वाला ओळखणाऱ्या सेन्सरला काही सेकंदांत दिसलं नाही, तर गॅस बंद होतो आणि झाडणं पुन्हा पहिल्यापासून. आत न जळलेला गॅस साचलेला असताना दुसरी ठिणगी देणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. पेटली की मशीन चढत चढत मिनिटाला ३००० फेऱ्यांवर येते. मग मशीन आणि विजेचं जाळं यांचा मेळ दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश बाराकडे सरकतो आणि ब्रेकर जोडला जातो. त्या क्षणापासून ती सगळ्या देशाच्या ५० हर्ट्झच्या तालावर चालते. २०१३ च्या शेवटच्या दिवशी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं. तेव्हापासून हा ताल काश्मीर ते कन्याकुमारी एकच आहे.

फेऱ्या मोजायचं साधन फार साधं आहे. शाफ्टवर दात असलेलं चाक आणि त्याच्या जवळ सेन्सर. दात पुढून गेला की एक ठोका. चाकाला ६० दात असले, तर सेकंदाला पडणारे ठोके म्हणजेच मिनिटाच्या फेऱ्या : ३००० फेऱ्या, ३००० ठोके. असे सेन्सर तीन असतात आणि दोघांचं एकमत झालं तर तिसऱ्याचं ऐकलं जात नाही. अचानक ब्रेकर उघडला, तर जनरेटरवरचा भार एका क्षणात जातो आणि शाफ्ट वेगाने चढू लागतो. वेग दहा टक्क्यांनी वाढून ३३०० च्या आसपास गेला की मशीन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, झालीच पाहिजे. तेवढ्यासाठी गॅसचा व्हॉल्व्ह सेकंदाच्या अंशात मिटावा लागतो.

मला सर्वांत जास्त भावली ती इंधन ठरवण्याची पद्धत. कंट्रोल सिस्टीममध्ये एकाच वेळी अनेक हिशेब चालू असतात. एक म्हणतो, सुरू होताना इतकाच गॅस द्या. दुसरा वेग आणि भार पाहून आपला आकडा सांगतो. तिसरा धुराड्यातलं तापमान पाहतो. यातली ज्याची मागणी सर्वांत कमी, त्याचंच चालतं. भार वाढवायची कितीही घाई असो, पाती तापत असतील तर तापमानाचा हिशेब जिंकतो. शहाणपणाची गोष्ट यंत्राच्या रचनेतच घातलेली आहे : शंका असेल तेव्हा कमी.

मग माणसाचं काम काय उरतं? मशीन का थांबली ते शोधणं. ट्रिप झाली की पडद्यावर शेकडो अलार्म एकदम येतात, कारण एका गोष्टीमागे बाकीच्या ओळीने पडत जातात. त्यातला पहिला कुठला, हे सांगायला प्रत्येक घटना मिलिसेकंदासह नोंदली जाते. तरी काका त्या यादीवर लगेच विश्वास ठेवत नसत. गॅसच्या पॅनेलचं घड्याळ आणि विजेच्या पॅनेलचं घड्याळ एकमेकांशी जुळलेलं आहे का, हे ते आधी बघत. दोन्हींत थोडाही फरक असला, तर परिणाम कारणाच्या आधी छापला जातो आणि माणूस भलत्याच व्हॉल्व्हमागे लागतो. “मशीन बंद पडली त्याचं काही नई,” ते म्हणाले, “काहून पडली हे नई समजलं, तं झोप नई लागे.”

निवृत्तीनंतर ते काही काळ एका खासगी कारखान्याच्या गॅस टर्बाईनवर देखरेखीला होते. त्या मशीनला कड्यासारखे मांडलेले अनेक ज्वलनकक्ष होते आणि मागे धुराड्यात थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं, कडं. एका रात्री अलार्म आला. सगळी थर्मोकपल ५४० अंशांच्या आसपास, एक मात्र ४८० वर. पाळीवरच्या तरुण इंजिनिअरला वाटलं की थर्मोकपल गेलंय. ते आधीही गेलं होतं. त्याला त्याचा सिग्नल फोर्स करायचा होता, म्हणजे खऱ्या वाचनाऐवजी सिस्टीमला ठरावीक आकडा भरवायचा आणि मशीन चालू ठेवायची.

काकांनी त्याला थांबवलं आणि भार हळूहळू कमी करायला लावला. कारण असं : जळलेले वायू टर्बाईनमधून सरळ जात नाहीत, वळत वळत जातात आणि किती वळायचं ते भारावर ठरतं. एखादा कक्ष खरोखर नीट जळत नसेल, तर त्याचा थंड झोत भार बदलला की धुराड्यातली जागाही बदलतो. थर्मोकपलच खराब असेल, तर कमी आकडा आपल्या जागेवरच राहतो. भार उतरला तसा कमी आकडा शेजारच्या थर्मोकपलवर सरकला. थर्मोकपल खरं बोलत होतं. मशीन थांबवून उघडली, तेव्हा एका कक्षाचं नोझल चोंदलेलं निघालं. “काटा सांगतो ते ऐकाचं,” काका म्हणाले, “पन शेजारच्या काट्याले इचारल्याबिगर मानाचं नई.”

ही परीक्षा त्या तरुणाला ठाऊक नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही. ती शिकायला चालती मशीन लागते, आणि चालत्या गॅस टर्बाईन्स आपल्याकडे दुर्मिळ होत चालल्या आहेत. देशात गॅसवर चालणाऱ्या केंद्रांची क्षमता २०२४ साली सुमारे २५,००० मेगावॅट होती. तिचा मोठा हिस्सा गॅसअभावी बंद असतो किंवा अर्धवट चालतो. कृष्णा–गोदावरी खोऱ्यातल्या गॅसवर भिस्त ठेवून केंद्रं उभी राहिली, आणि २०१० नंतर तिथलं उत्पादन कोसळलं. देशी गॅस वाटताना आधी घरगुती वाहिन्या आणि गाड्यांचा विचार होतो. दाभोळचं सुमारे १,९६७ मेगावॅटचं केंद्र वर्षानुवर्षं क्षमतेच्या लहानशा भागावर चालत राहिलं. उरणलाही पुरेसा गॅस मिळत नसल्याने सगळे संच पूर्ण भाराने चालत नाहीत. परदेशातून आणलेला द्रवरूप गॅस आहे, पण त्यावर केलेली वीज कोळशाच्या विजेपुढे महाग पडते.

गॅस टर्बाईनला कमी चालवलं म्हणजे तिची काळजी घेतली, असं होत नाही. तिचं आयुष्य तासांवर जातं तसं सुरू होण्यावरही जातं. प्रत्येक सुरुवातीला तप्त भाग काही मिनिटांत शेकडो अंश चढतात आणि थांबताना तेवढेच उतरतात. अर्ध्या भारावर कार्यक्षमता घसरते, म्हणजे मुळात अपुरा गॅस आणखी कमी वीज देतो. थांबलेल्या मशीनचा तापलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून कित्येक तास सावकाश फिरवत ठेवावा लागतो, आणि त्या वेळात तेलाचे पंप बंद पडून चालत नाहीत. कंट्रोल सिस्टीमचं दुखणं वेगळं. शाफ्ट दशकानुदशकं टिकतो, पण कार्ड बनवणारी कंपनी दहा-पंधरा वर्षांत जुना माल बंद करते. मग एक कार्ड जळलं की सुट्या भागांची शोधाशोध, नाहीतर सगळी प्रणालीच बदलायची.

कार्ड विकत मिळतं. पाळीवर बसून आलेली समज विकत मिळत नाही. दीपनगर किंवा उरणच्या पॅनेलवर ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, ती पिढी आता निवृत्त झाली आहे. मागच्यांना संच मिळालेत ते बरेचदा थांबलेले. थांबलेली मशीन ट्रिप होत नाही, आणि जी ट्रिप होत नाही ती काही शिकवत नाही. शिवाय गरज तर वाढतेच आहे. दुपारी सौर विजेचा पूर येतो आणि संध्याकाळी दिवेलागणीला तो ओसरतो. ती तूट भरून काढायला झटकन उभी राहणारी मशीन लागते, आणि कोळशाचा संच इतक्या वेगाने चढत नाही. म्हणजे ज्या कामात गॅस टर्बाईन सर्वांत उपयोगी, त्याच्या तोंडाशी आपण उभे आहोत आणि तेव्हाच ती चालवणारे हात कमी होत आहेत.

यावर मोठ्या खर्चाचा उपाय लागत नाही. प्रत्येक ट्रिपची गोष्ट, म्हणजे काय दिसलं, आधी काय वाटलं आणि शेवटी काय निघालं, हे पाळीवरच्या माणसाने आपल्या भाषेत लिहून ठेवलं पाहिजे. आज लॉगबुकात वेळ आणि आकडे असतात, विचार नसतो. निवृत्त ऑपरेटरांना मानधन देऊन महिन्यातून काही पाळ्या नव्या मुलांशेजारी बसवलं पाहिजे. आणि गॅस कितीही कमी असो, प्रत्येक संच ठरलेल्या वेळी पूर्ण भारापर्यंत चढवून उतरवला पाहिजे, पॅनेलसमोर शिकाऊ मुलं बसलेली असताना. त्या गॅसची वीज महाग पडेल, तरी तो खर्च शिक्षणाच्या खात्यावर लिहावा. वरणगावच्या काकांकडे जे आहे ते अजून दहा वर्षांनी विचारायला गेलो, तर सांगणारं कुणी असेलच असं नाही.