पेल्यातील कॉफी आणि डोंगरातील शेतकरी

वाचकहो, थंडीच्या दिवसांत जायफळ घातलेल्या कॉफीचा पेला हाती घेताना ती पिकविणाऱ्याच्या पदरी तिच्या मोलातील किती वाटा पडला असेल, असा विचार आपण क्वचितच करतो. कॉफीचा बागाईतदार म्हटला की विस्तीर्ण मळ्याचा धनीच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. भारतातील बहुतेक सर्व कॉफीबागा लहान शेतकऱ्यांच्याच आहेत.

पूर्व घाटातील अरकूचे खोरे हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आंध्र प्रदेशातील या डोंगराळ मुलखात आदिवासी कुटुंबे सिल्व्हर ओकसारख्या वृक्षांच्या सावलीत अरेबिका कॉफी लावतात आणि त्याच वृक्षांवर मिरीचे वेल चढवितात. एकेका कुटुंबाची बाग बहुधा एक-दोन एकरांचीच.

बाग लहान असली म्हणजे अडचणी लहान असतात असे नव्हे. हिरवी, पिकलेली, काळवंडलेली अशी सारी फळे एकदमच ओरबाडावयाची, अंगणात मातीवर वाळवावयाची आणि आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या तराजूत घालावयाची, अशी जुनी रीत होती. आधीच उचल घेतलेली असली तर भावाविषयी तोंड उघडण्याचीही सोय उरत नसे.

पूर्वी देशातील कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा होई. 1990 नंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने उठली आणि 1996 साली बागाईतदारांस विक्रीचे पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. परंतु चार पोती माल असलेल्या एकट्या शेतकऱ्यास या स्वातंत्र्याचा उपयोग तो किती? म्हणूनच संघटनेची आवश्यकता निर्माण झाली. 1956 साली स्थापन झालेले गिरिजन सहकारी महामंडळ आदिवासींचा माल विकत घेते. 2007 साली अरकूतील लहान शेतकऱ्यांनी नांदी फाउंडेशनच्या साहाय्याने आपली स्वतःची सहकारी संस्थाही उभारली.

उत्तम कॉफीचे रहस्य वेळेत आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. फक्त लालबुंद फळेच तोडावयाची. त्यासाठी त्याच झाडाकडे अनेकदा परतावे लागते. तोडलेल्या फळांची साल त्याच दिवशी काढली नाही तर ती आंबू लागतात व चव बिघडते. त्यानंतर बियांवरचा चिकट गर आंबवून धुवावयाचा आणि उंच मांडवावरील जाळीवर, ओलावा शेकडा 11-12 पर्यंत उतरेतो, बिया हलवीत वाळवावयाच्या. सुमारे सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो बिया हाती येतात. पुढे जाणकार चव घेऊन गुण देतात. रूढ पद्धतीप्रमाणे शंभरांपैकी 80 वा अधिक गुण मिळविणारी कॉफीच विशेष दर्जाची ठरते.

एवढा खटाटोप प्रत्येक घरी होणे शक्य नाही. सामाईक प्रक्रिया केंद्र असले म्हणजे शेतकऱ्याने सायंकाळी लाल फळे आणून द्यावी, वजनाची पावती घ्यावी आणि पुढील काम केंद्राने सांभाळावे, अशी वाटणी होऊ शकते. मात्र लाल फळास हिरव्यापेक्षा अधिक भाव मिळाला नाही, किंवा पैसे महिनोन्‌महिने रखडले, तर निवडून तोडण्याचे कष्ट कोण घेईल? घरात दाणे संपले की माणूस रोख देणाऱ्या व्यापाऱ्याकडेच वळतो. तेव्हा जवळचे केंद्र, चोख वजन, दर्जानुसार भाव आणि तत्पर पैसा या चार गोष्टींवरच सारी इमारत उभी आहे.

त्याचे फळही दिसू लागले आहे. 2017 साली अरकूच्या कॉफीचे दुकान थेट पॅरिस नगरीत उघडले आणि 2019 साली अरकूच्या अरेबिकास भौगोलिक मानांकन लाभले. अर्थात, दूरच्या नगरीतील कीर्ती ही अंगणातील मिळकतीत उतरली तरच खरी.

आणि आपण, वाचकहो? यापुढे कॉफीचा पुडा घेताना त्यावरील मजकूर अवश्य वाचा. कॉफी कोणत्या प्रदेशातील आहे, कधी भाजली आहे, चिकोरी किती मिसळली आहे, हे पाहा. चिकोरीचे प्रमाण छापणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. ग्राहक चोखंदळ झाला म्हणजे चांगल्या मालास मागणी येते आणि डोंगरउतारावर लाल फळ वेचणाऱ्या हातांस त्यांच्या कष्टांचे मोल मिळण्याचा मार्ग थोडा सुकर होतो.